लेकराला कामात घ्या

मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांतल्या कुठल्याही शाळेत पालकसभेला बसा, एक तक्रार हमखास ऐकू येते. पोरगा ऐकत नाही, खोटं बोलतो, लहान बहिणीला मारतो. गुरुजी, जरा संस्कार लावा त्याला. परिपाठात दोन सुविचार वाढवले, एखादी बोधकथा सांगितली की पोरगं सुधारेल, अशी आईबापाची समजूत असते. त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

लेकरांत माया, धीर आणि न्यायबुद्धी कशी येते, याचा अभ्यास विद्यापीठांतून गेली शंभरेक वर्षं चालू आहे. तो वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नुसत्या उपदेशानं फार थोडं घडतं. मोठी माणसं लेकराला आपल्या जगण्यात किती सामील करून घेतात, त्याला दिलेला शब्द पाळतात का, त्याच्याशी कारण सांगून बोलतात का, यावर बरंच ठरतं. आणि हे सगळं धानाच्या बांधीवर, चुलीपुढे, तेंदूपत्त्याची पुडकी बांधता बांधता होण्यासारखं आहे.

सुरुवात कामापासून करू, कारण आपल्या भागात ही शिदोरी अजून शाबूत आहे आणि आपणच ती टाकून द्यायला निघालो आहोत.

१९५०च्या दशकात बिआट्रिस आणि जॉन व्हायटिंग या हार्वर्ड विद्यापीठाच्या जोडप्यानं सहा समाजांतल्या मुलांचा अभ्यास उभा केला. केनिया, ओकिनावा, फिलिपिन्स, मेक्सिको, अमेरिकेतलं न्यू इंग्लंड आणि आपल्याकडचं उत्तर प्रदेशातलं खालापूर. अभ्यासक अंगणात बसून राहिले आणि तीन ते अकरा वर्षांची मुलं काय करतात ते टिपत गेले: कोण न सांगता मदत करतं, कोण धीर देतं, कोण हुकूम सोडतं, कोण सारखं स्वतःकडे लक्ष वेधून घेतं. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं. ज्या घरांत मुलांना पाणी आणणं, गुरं पाहणं, तान्ह्या भावंडाला खेळवणं अशी खरोखरीची कामं होती, तिथली मुलं दुसऱ्याला आधार देण्यात पुढे होती. केनियातल्या न्यान्सोंगो वस्तीतली लेकरं यात सर्वांत वर आली. अमेरिकेतल्या सुखवस्तू गावातल्या मुलांच्या वाट्याला घरचं काम थोडंच होतं. स्वतःसाठी मदत आणि लक्ष मागण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं.

यात ‘खरोखरीचं काम’ हे महत्त्वाचं आहे. आपण केलं नाही तर घराचं अडेल, हे लेकराला कळलं पाहिजे. वळण लागावं म्हणून मुद्दाम लावलेलं खोटं काम लेकरू लगेच ओळखतं.

चैत्रातली मोहाच्या झाडाखालची पहाट घ्या. आई मोठी टोपली घेऊन वेचते आणि सहा वर्षांचा पोरगा लहान टोपलीत. त्याच्या टोपलीत फुलांबरोबर पानं, काड्या, एखादा किडाही येतो. आई ती टोपली मोठ्या टोपलीत ओतते, काड्या बाजूला काढते आणि म्हणते, “बाबू, आज तुझ्यामुळं लवकर भरली.” घरी आल्यावर ओसरीत फुलं पसरायलाही तोच पुढे. वाळलेली फुलं विकायला काढली की वजनाच्या वेळी तो काट्याजवळ उभा राहतो, कारण त्यात त्याचीही आहेत. कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला इतकं साधणार नाही. आपण या घराचे, आपला यात हात आहे, ही जाणीव इथे पक्की होते, आणि दुसऱ्याचा विचार करायला लेकरू तिथूनच शिकतं. (वाघाचा वावर असल्याची खबर असेल त्या दिवशी लेकराला झाडाखाली नेऊ नका. घरी फुलं निवडायला, पसरायला त्याला ठेवा. तेही कामच आहे.)

श्रमातून माणूस घडतो हा विचार आपल्या भागाला परका नाही. बाबा आमटेंनी साठच्या दशकाच्या अखेरीस सोमनाथला श्रमसंस्काराची छावणी सुरू केली ती याच मूल तालुक्यात, आणि महाराष्ट्रभरातली तरुण पोरं तिथे घाम गाळायला येत राहिली. गडचिरोलीच्या शोधग्राममधून ‘निर्माण’ या तरुणांच्या उपक्रमाच्या पुढाकारानं चालणाऱ्या ‘कुमार निर्माण’मध्ये शाळकरी मुलांचे गट आपल्याच गावातला एखादा प्रश्न निवडतात आणि त्यावर स्वतः काही करून पाहतात. तुमच्या शाळेत असा गट नसला तरी पाचसहा पोरांना जमवून हातपंपाभोवतीचा चिखल काढणं, बोडीच्या पाळीवर झाडं लावून ती जगवणं, एवढं कोणत्याही शिक्षकाला जमेल.

आता पोरगा आणि पोरगी यांच्याविषयी. आपल्याकडे लहान भावंड पोरीच्या कडेवर आणि पोरगा गल्लीत कंचे खेळायला. मानवशास्त्रज्ञ कॅरल एम्बर यांनी केनियातल्या लुओ समाजातल्या अशा मुलग्यांचा अभ्यास केला, ज्यांच्या घरी मोठी बहीण नसल्यानं स्वयंपाकात हातभार, लहानग्यांची राखण अशी ‘बायकी’ कामं त्यांच्या वाट्याला आली होती. १९७३ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ही मुलं इतर मुलग्यांपेक्षा कमी भांडखोर होती आणि दुसऱ्याला सांभाळून घेण्यात सरस होती. त्यामुळे बहिणीला मारणाऱ्या पोराची तक्रार घेऊन येणाऱ्या आईला माझं पहिलं सांगणं हे असतं: रोज संध्याकाळी थोडा वेळ लहान लेकराला त्याच्याकडे द्या. भात भरवू द्या, झोळीला झोका देऊ द्या. तुम्ही जवळच राहा, पण मध्ये पडू नका.

यालाही मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. रोवणीच्या दिवसांत सातवीतल्या पोरीला महिनाभर शाळेतून बसवून तान्हं लेकरू तिच्या गळ्यात घालणं म्हणजे तिला कामात सामील करून घेणं नव्हे. तो तिच्यावर अन्याय आहे. कायद्यानंही चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई आहे. २०१६च्या दुरुस्तीत घरच्यांना मदत करायची मुभा आहे, ती शाळा सुटल्यानंतर आणि सुट्टीत, तीही धोक्याच्या कामात नाही. गावातल्या चार घरांनी मिळून रोवणीपुरती लेकरं सांभाळायला एखादी वयस्क बाई ठरवली, अंगणवाडीताईशी वेळेचं बोलून घेतलं, तर पोरीची शाळा बुडत नाही.

कामाला पैसे लावू नका. “भांडी घास, पाच रुपये देतो” ही सवय सोपी वाटते, पण महागात पडते. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड-पावणेदोन वर्षांच्या बाळांवर प्रयोग केले. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडली की बाळं कोणी न सांगता ती उचलून देत. पण ज्या बाळांना मदतीबद्दल दर वेळी खेळणं मिळालं, त्यांची मदत पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, कमी झाली. लेकराची मदत करायची ओढ उपजत आहे. तिची बोली लावली की ती आटते.

दुसरी गोष्ट शब्दाची.

स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर गोड खाऊ ठेवला आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. जी थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असा बोलबाला झाला, आणि जगभरच्या आईबापांनी पोरांच्या संयमाचा धसका घेतला. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांवर हा अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध फारच फिका पडला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ सालचा लहानसा प्रयोग. त्यांनी २८ मुलांना आधी रंगाचं चांगलं सामान आणून द्यायचं कबूल केलं. अर्ध्यांना ते आणून दिलं. अर्ध्यांना “नाहीच मिळालं” म्हणून सांगितलं. मग खाऊचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला, ती तीन.

म्हणजे लेकरू उतावीळ आहे की धीराचं, हे नुसत्या त्याच्या स्वभावावर नाही, आपल्या बोलण्याच्या भरवशावरही ठरतं. आठवडी बाजारातून जिलेबी आणतो म्हटलं तर आणा. जमणार नसेल तर आधीच सांगा. “आज पैसे नाहीत, पुढल्या बाजारी बघू” हे खरं बोलणं लेकराला पचतं, खोटं आश्वासन पचत नाही.

मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या आईबापांना हे फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. लेकरू आजीजवळ ठेवून पहाटे ते झोपेत असताना निघून जाऊ नका. रडू नये म्हणून तुम्ही तसं करता, पण ते उठल्यावर घरभर शोधतं, आणि पुढे कितीतरी दिवस आजीलाही नजरेआड होऊ देत नाही. जाण्याआधी दोन-तीन दिवस बोला: कुठे जातो, कशासाठी जातो, तिथे कोण कोण आहे. “लवकर येतो” म्हणू नका. लहान लेकराला ‘लवकर’ म्हणजे किती ते उमजत नाही. “होळीच्या आधी येऊ” म्हणा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला त्याच्याच हातानं खूण करायला लावा. आजीनं रोज एक घर खोडायला द्यावं. मुकादमानं मुदत वाढवली आणि यायला उशीर होणार असेल, तर फोनवर आजीला सांगून थांबू नका, लेकराशी बोला आणि नवी खूण करायला सांगा. रात्री ठरल्या वेळी फोन करा. रेंज नसेल तर कोणत्या दिवशी करणार ते ठरवा.

तिसरी गोष्ट चूक झाल्यावरची. जाँ पियाजे हे जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ. ते मुलांमध्ये बसून कंच्यांचे नियम विचारत. १९३२ सालच्या त्यांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे: एका पोराच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एकच फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणत, पंधरा फोडणारा. थोडी मोठी झाल्यावर म्हणत, चोरून खाणारा. हेतू पाहायला लेकरू हळूहळू शिकतं.

पण घरात आपण मोठेच किती वेळा पंधरा कप मोजत बसतो! पाण्यानं भरलेला माठ फुटला की धपाटा, आणि पोरानं मुद्दाम बहिणीची वही फाडली तर “जाऊ दे, लहान आहे.” लेकरू यातून एवढंच शिकतं की नुकसान महाग असेल तर मार मिळतो. नकळत झालेल्या नुकसानीला “चल, दोघं मिळून खापऱ्या गोळा करू” एवढं पुरे. मुद्दाम दुखावलेल्या मनासाठी मात्र थांबा, खाली बसा, डोळ्यांत पाहून बोला: “तिनं ती वही रात्री जागून लिहिली होती. आता ती शाळेत काय दाखवेल? तू काय करशील तिच्यासाठी?” मार्टिन हॉफमन यांनी साठच्या दशकापासून यावर काम केलं. नुसता धाक किंवा “मी तुझ्याशी बोलणार नाही” यापेक्षा, आपल्या वागण्यानं दुसऱ्याला काय झालं हे सांगणाऱ्या पालकांच्या मुलांत अपराधाची जाणीव आणि इतरांबद्दलचा कळवळा अधिक दिसतो. भरपाई करायला वाव द्या. वही पुन्हा उतरवून देताना भावाच्या मनात जे घडतं, ते छडीनं घडणार नाही.

छडीवर अजून विश्वास असणाऱ्यांसाठी: टेक्सास विद्यापीठातल्या एलिझाबेथ गेर्शॉफ यांनी २०१६ साली दीड लाखांहून अधिक मुलांवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. चापट-धपाट्यांचा संबंध आक्रमकपणा वाढण्याशी आणि आईबापांशी नातं बिघडण्याशी दिसला. शाळेत तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मारायला आणि मानसिक छळाला मनाईच करतं.

आणि लेकरांना काही कळत नाही असं समजू नका. एलियट ट्यूरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना विचारलं: बाईंनी परवानगी दिली तर गणवेश न घालता चालेल? चालेल. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलं तर चालेल? नाही. नियम आणि अन्याय यांतला फरक इतक्या लहानपणी कळतो. म्हणून चप्पल रांगेत न ठेवण्यावर आणि दुबळ्या पोराला चिडवण्यावर एकाच आवाजात ओरडू नका. सगळंच सारखं गंभीर झालं की लेकराला काहीच गंभीर वाटेनासं होतं.

मोठ्या, म्हणजे दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्याकडे एक अशी सोय आहे की कुठल्याही विद्यापीठाला हेवा वाटावा. झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्रभर नाटक चालतं. मुलं पांघरूण घेऊन पुढे बसतात, रडतात, खलनायकाला शिव्या देतात. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५०च्या दशकात शिकागोत मुलग्यांना नैतिक पेचाच्या गोष्टी सांगून “का?” विचारायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यानं दाखवलं की वर्गात असे पेच मोकळेपणानं चर्चिले की मुलांची विचार करायची पातळी वर चढते. कोलबर्ग यांची मोजपट्टी आपल्याला पुरती लागू पडत नाही. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या टी. एस. सरस्वती यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय बालपण भारतीय कुटुंबाच्या संदर्भात समजून घेण्यावर भर दिला. पण “का?” हा प्रश्न आपल्या कामाचा आहे. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना विचारा: त्या भावानं बहिणीसाठी खोटी साक्ष दिली, बरोबर केलं का? तू असता तर? पोराचं उत्तर चुकीचं वाटलं तरी लगेच दुरुस्त करू नका. आजोबांना वेगळं वाटत असेल तर त्यांनाही बोलू द्या. दोन मोठी माणसं न भांडता वेगळं मत मांडतात, हे पाहणंच लेकराला खूप देऊन जातं.

एक विषय आपल्या भागाचाच आहे: वाघ. गावात किंवा शेजारच्या गावात वाघानं माणूस मारला की घराघरांत तेच बोलणं, मोबाइलवर तेच फोटो. लेकरू गुपचूप ऐकत असतं. रात्री अंथरूण ओलं करतं, बाहेर जायला नको म्हणतं, आईला बिलगून राहतं. काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे, त्यावरून हसू नका, ओरडू नका. “काही झालं नाही” म्हणू नका, कारण झालं आहे हे त्याला ठाऊक असतं. थोडक्यात खरं सांगा: अमुक काकू जंगलात गेल्या होत्या, वाघानं हल्ला केला, त्या वारल्या, आपल्याला सगळ्यांना वाईट वाटतं आहे, आपण अंधारात एकटं जाणार नाही, शाळेत सगळे मिळून जाऊ. ते फोटो त्याच्यासमोर उघडू नका. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा शक्य तेवढ्या तशाच ठेवा. भीती वाटणाऱ्या लेकराला करायला काहीतरी द्या: शाळेच्या वाटेवर लहानग्याचा हात धरण्याची जबाबदारी, टॉर्च चार्ज करून ठेवण्याचं काम. आणि जेवत नाही म्हणून “वाघ येईल हं” हे वाक्य तर आपल्या घरांतून कायमचं गेलं पाहिजे. ज्या गावात वाघ खरोखर येतो, तिथे ते निव्वळ क्रौर्य आहे.

अगदी तान्ह्यांबद्दल थोडंच, पण ते सोडता येत नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ गरीब मुलांवर अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायच्या आणि बाळाशी कसं खेळावं, बोलावं हे आईला करून दाखवायच्या. बावीस वर्षांची झाल्यावर ही मुलं, भेटी न मिळालेल्यांच्या तुलनेत, मारामारीत कमी सापडली, उदासी कमी होती आणि कमाई सुमारे पंचवीस टक्के जास्त होती. गावातलीच बाई, घरभेट आणि चिकाटी. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’नं याच रीतीनं नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आलं. मनाच्या वाढीसाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं महिला व बालविकास विभाग आणि युनिसेफबरोबर ‘आरंभ’ हा कार्यक्रम अंगणवाडीताईंसाठी घडवला. तुमच्या अंगणवाडीत पालक मेळावा असेल तर बापानंही जावं. बाळाशी बोलणं हे बायकांचंच काम समजून बाप ओट्यावर बसून राहतो, आणि बाळाचा तेवढा वाटा कमी होतो.

एवढं सगळं करूनही काही लेकरांना घरच्या मायेपलीकडची मदत लागते. भीती, चिडचिड, झोपमोड महिन्याहून जास्त टिकली, लेकरू पूर्वी येणाऱ्या गोष्टी विसरू लागलं, मुक्या जनावरांना पुन्हा पुन्हा इजा करू लागलं, स्वतःला मारून घेऊ लागलं किंवा “मला जगायचं नाही” म्हणालं, तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. आशाताईला सांगा, किंवा शाळेत-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. ते जिल्हा रुग्णालयात पुढे पाठवतात. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. कोणी लेकराला मारहाण करत असेल, त्याच्या अंगाशी वाईट वागत असेल किंवा जबरदस्तीनं कामाला लावत असेल तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. फोन करण्याआधी लेकराचं वय, त्रास कधीपासून आहे, त्याआधी घरात किंवा गावात काय घडलं, झोप आणि जेवण कसं आहे, एवढं एका कागदावर लिहून जवळ ठेवा. लेकरू आठ-दहा वर्षांचं असेल तर त्यालाही सांगा की आपण कोणाला आणि कशासाठी फोन करतो आहोत.